उभ्या ट्रेलरची राखण : न्हावा शेवा ते चाकण, भरलेला माल रात्रभर सांभाळायचा कसा

चालत्या ट्रेलरला हात घालणं अवघड असतं. चोराला हवा असतो थांबा. तोही असा, की गाडी कुठे उभी राहणार, किती वेळ राहणार आणि आत काय भरलंय हे त्याला आधीच कळलेलं असेल. उरण-पनवेल पट्ट्यात, कळंबोलीच्या स्टील मार्केटभोवती, भिवंडीच्या गोदामांबाहेर किंवा चाकण एमआयडीसीत गेट उघडायची वाट बघणाऱ्या ट्रेलरच्या रांगा ज्यांनी रात्री पाहिल्यात, त्यांना हे कळायला किती कमी मेहनत लागते ते सांगायला नको.

मी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ट्रेलर लावायचं काम करतो. कंटेनरचे सांगाडा ट्रेलर, सळई-पत्र्याचे फ्लॅटबेड, दोन्ही. कुलपं, जीपीएस, कॅमेरे यांच्याबद्दल पुढे सगळं सांगणार आहे. पण या धंद्यात बहुतेक जण सुरुवात कुलपापासून करतात आणि तिथेच थांबतात. गाडी रात्री कुठे उभी राहणार हा निर्णय ऑफिसचा आहे. ऑफिसने तो घेतला नाही, तर पहाटे दोन वाजता पेंगुळलेला ड्रायव्हर तो घेतो, आणि जिथे जागा दिसेल तिथे गाडी दाबतो.

पहिली पायरी : थांबा ठरवा, मग गाडी भरा

उलटा हिशेब करा. माल उतरवणाऱ्या कंपनीचं गेट किती वाजता उघडतं? वाटेत शहराची नो एंट्री किती ते किती आहे? घाटाला किती वेळ लागेल? आता तिथून मागे येत निघायची वेळ काढा.

न्हावा शेव्याहून चाकण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कंटेनर बंदराच्या गेटबाहेर संध्याकाळी सातला पडला आणि ड्रायव्हर तसाच निघाला, तर मध्यरात्रीच्या सुमारास तो चाकणला पोचतो. कंपनीचं गेट सकाळी नऊला. म्हणजे आठ-नऊ तास भरलेली गाडी एमआयडीसीच्या रस्त्यावर, दिव्याच्या खांबापासून लांब, ड्रायव्हर गाढ झोपेत. हीच गाडी निघायच्या ठिकाणी भिंतीच्या आत उभी ठेवून पहाटे चारला सोडली, तर रस्त्यावरचा तो अख्खा थांबा पुसला जातो. डिझेल तेवढंच, भाडं तेवढंच. फक्त ऑफिसात कोणीतरी आदल्या दुपारी हा विचार केलेला असायला हवा.

ठाणे, नवी मुंबई, मुंबई इथल्या अवजड वाहनांच्या वेळा बदलत राहतात. सणासुदीला त्यात भर पडते. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी येते, आणि ज्यांनी तारखा पाहिलेल्या नसतात त्यांच्या गाड्या पळस्पे फाट्याच्या आसपास अडकतात. वाहतूक पोलिसांची अधिसूचना आली की ती ऑफिसच्या भिंतीवर लावा. शनिवारी संध्याकाळी भरून सोमवारी सकाळी उतरणारा माल हा सगळ्यात वाईट. तो शुक्रवारी हलवा किंवा रविवारी रात्री भरा. पार्टीला सांगायची लाज वाटत असेल, तर दीड दिवस उभ्या राहणाऱ्या मालाची किंमत तिला कागदावर लिहून दाखवा.

अमेरिकेतल्या वाहतूकदारांमध्ये एक रीत आहे : महागडा माल भरल्यावर पहिले दोनशे-अडीचशे मैल थांबायचंच नाही. कारण पाळत ठेवणारा माणूस गोदामापासूनच मागे लागतो आणि पहिल्या थांब्याची वाट बघतो. आपल्याकडे सव्वाशे किलोमीटरची फेरी असेल, तर हा नियम अख्ख्या फेरीलाच लागू होतो. डिझेल, जेवण, टायरची हवा, संडास-बाथरूम हे सगळं गाडी भरायच्या आधी उरका. भरलेली गाडी गेटबाहेर आली की पहिल्याच टपरीवर चहाला थांबायची जी सवय आहे, ती मोडायला वेळ लागतो. पण मोडते.

लांब पल्ल्याला, म्हणजे नागपूर, हैदराबाद, दिल्लीकडे, थांबा टाळता येत नाही आणि टाळूही नये. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरलेली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. शिवाय थकलेला ड्रायव्हर जिथे झोप लागेल तिथे गाडी उभी करतो. म्हणून थांबे नावानिशी लिहून द्या : हा पंप, हा ढाबा, हे यार्ड. आणि पहिली जागा भरलेली निघाली तर दुसरी कोणती, तेही. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या वाहतूक-कागदाची, मुदत बघायला विसरू नका. साधारण मालाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि मुदतवाढ संपायच्या आधी आठ तास किंवा संपल्यानंतर आठ तासांत घेता येते. कागदाची मुदत संपतेय म्हणून ड्रायव्हर सुरक्षित थांबा सोडून रात्री पळत सुटला, तर सगळी आखणी वाया.

पावती कोण भरणार?

हे वेगळं लिहितोय, कारण माझ्या मते निम्मी लढाई इथे आहे. पार्किंगच्या आत गाडी न लावणाऱ्या ड्रायव्हरला एकदा विचारून बघा. उत्तर सरळ असतं : "शेठ, आत लावली तर पावती माझ्या भत्त्यातनं जाते. बाहेर लावली तर खर्च चहाचा."

त्याचं गणित बरोबर आहे. पन्नास लाखांचा माल आणि शंभर-दोनशे रुपयांची पावती, यातला फरक मालकाला दिसतो. ड्रायव्हरला दिसतो तो त्याचा भत्ता. म्हणून नियम एकच ठेवा : पावती आणा, पैसे घ्या, प्रश्न नाही. फेरीच्या अॅडव्हान्समध्ये पार्किंगची रक्कम वेगळी दाखवा. भाडं ठरवतानाच पार्टीकडून ती वसूल करा. देणारी पार्टी देते, विचारणारा ट्रान्सपोर्टवाला कमी असतो.

जागा कशी ओळखायची

निर्यातीच्या ट्रेलरसाठी जेएनपीएचा, म्हणजे न्हावा शेवा बंदराचा, केंद्रीय पार्किंग प्लाझा आहे. तिथे रांग असली तरी बाहेरच्या सर्व्हिस रोडपेक्षा तो बरा. इतर ठिकाणी जागा बघताना मी पहिल्यांदा वाटा मोजतो. आत-बाहेर जायला एकच गेट असेल आणि तिथे माणूस वहीत नंबर लिहीत असेल, तर अर्धं काम झालं. चारी बाजूंनी मोकळं मैदान आणि पुढे मोठा फलक, याला पार्किंग म्हणू नका. पार्किंगच्या सुरक्षिततेसाठी टापा या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पीएसआर नावाचं मानक आहे, कुंपण, उजेड, कॅमेरे, गेटवरची नोंद वगैरे. आपल्याकडचा ढाबा त्यात बसणार नाही, पण जागा बघायला जाताना ती यादी डोक्यात असावी.

ढाब्यावरच थांबायचं असेल तर दिवसा एकदा स्वतः जाऊन बघा. मालकाशी बोला, कॅमेरा चालू आहे का ते बघा, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते विचारा. रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर गल्ल्याशेजारी उघड्यावर ठेवलेला असेल, तर जाताना चोर तोही घेऊन जातो. आणि ज्या ढाब्यावर डिझेल किंवा सळई "स्वस्तात" मिळते अशी कुजबुज असते, तिथे आपली गाडी एकदाही उभी राहता कामा नये, जेवण कितीही चांगलं असलं तरी.

महामार्गाच्या कडेला, पुलाखाली, वळणावर गाडी लावणं हे चोरीच्याही आधी जिवावर बेतणारं आहे. मागून येणारी गाडी अंधारात उभ्या ट्रेलरवर आदळते. अशी धोकादायक जागी गाडी सोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हाही आहे.

जागा मिळाली की गाडी लावायची पद्धत. कंटेनरची दारं भिंतीला टेकतील इतकी मागे घ्या, वीतभर फट राहिली तरी पुरे. दार उघडायला जागाच नाही, तर सील तोडून करणार काय? भिंत नसेल तर आपल्याच दोन गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या करा. एकटी गाडी असेल तर उजेडात आणि दारं लोकांच्या नजरेकडे. ड्रायव्हर उलटं करतात : केबिनला उजेड नको, झोप लागत नाही, म्हणून तोंड रस्त्याकडे आणि मागची दारं काळोखात. त्याला पडदा घेऊन द्या.

मागचं दार जवळून बघा

कंटेनरला दोन फाळ्या असतात. आधी डावी बंद होते, तिच्यावर उजवी बसते. म्हणून सील उजव्या फाळीच्या हँडलला लागतं. बाटली सील, म्हणजे जाड पिन आणि तिच्यावर बसणारं बोंड, हे आयएसओ १७७१२ मानकाचं असावं आणि त्यावर इंग्रजी एच हे अक्षर कोरलेलं असावं. हे सील मोठ्या कटरने तुटतं. ते चोराला फार वेळ अडवत नाही. कोणी हात लावला का, एवढंच ते सांगतं.

पण तेही नेहमी खरं सांगत नाही. हँडल ज्या कॅचमध्ये बसतं तो कॅच दाराला रिवेटने किंवा बोल्टने धरलेला असतो. हँडल उभ्या दांड्याला जोडणाराही एक रिवेट असतो. तो रिवेट ड्रिलने उडवला की सीलला बोटही न लावता हँडल मोकळं होतं. माल काढायचा, नवा बोल्ट बसवायचा, वर गंजाच्या रंगाचा हात फिरवायचा. कंटेनर पार्टीच्या दारात पोचतो तेव्हा सील अखंड, नंबर बरोबर, आणि आत तांब्याच्या भंगाराऐवजी दगड. मग ट्रान्सपोर्टवाला म्हणतो बंदरातून असाच आला, बंदर म्हणतं सील शाबूत होतं, आणि भांडण वर्षभर चालतं.

याला उपाय स्वस्त आहेत. गाडी ताब्यात घेताना दाराचे चार फोटो काढा : पूर्ण दार, सीलचा नंबर, दोन्ही हँडलचे रिवेट जवळून, बिजागऱ्या. रिवेट, बोल्ट आणि त्याखालचा पत्रा या तिन्हींवरून जाईल अशी ऑइल पेंटची एक बारीक रेघ मारा. बोल्ट फिरला किंवा बदलला तर रेघ तुटते, आणि तोच रंग तीच रेघ परत जुळवणं अंधारात होत नाही. रंग दर आठवड्याला बदला. शिवाय दोन्ही फाळ्यांचे मधले दोन उभे दांडे एकत्र आवळणारं बार लॉक किंवा जाड केबल सील लावा. म्हणजे एका हँडलचा रिवेट उडवून भागत नाही.

प्रत्येक थांब्यानंतर निघण्याआधी ड्रायव्हरने चार गोष्टी करायच्या : सील बघायचं, नंबर कागदाशी ताडायचा, जोरात ओढायचं, मग पिळायचं. नुसतं बघून उपयोग नाही. तुटलेलं सील फेविक्विकने चिकटवलेलं असतं आणि ओढल्याशिवाय कळत नाही. रिकामा कंटेनर भरायला घेतानाही पुढची भिंत, दोन्ही बाजू, तळ, छत, दारं आतून-बाहेरून आणि खालचा सांगाडा अशा सात जागा बघायच्या. ठोकल्यावर एखाद्या जागी आवाज वेगळा आला किंवा एखादी वेल्डिंग नवी दिसली, तर तो कंटेनर घेऊ नका.

कारखान्यात भरून निघणाऱ्या निर्यात कंटेनरला आता आरएफआयडी ई-सील, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारं सील, लागतं. २०१६ पासून जेएनपीटीत (जेएनपीएचं तेव्हाचं नाव) सुरू झालेल्या लॉजिस्टिक्स डेटा बँकेमुळे कंटेनर नंबर टाकून तो कोणत्या टोलनाक्यावरून कधी गेला हेही बघता येतं. दोन्ही चांगल्या सोयी, पण नाक्यापासून नाक्यापर्यंतच्या. मधल्या ढाब्यावर काय झालं ते त्या सांगत नाहीत.

हॉर्सपासून सुटलेला ट्रेलर

हॉर्स, म्हणजे ट्रेलर ओढणारी इंजिन-केबिनची पुढची गाडी, दुसऱ्या कामावर गेला आणि ट्रेलर लँडिंग लेगवर, म्हणजे स्वतःच्या पुढच्या पायांवर, यार्डात उभा राहिला, की तो पोरका होतो. कोणीही आपला हॉर्स आणून किंगपिन (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालचा जोडणीचा खुंटा) अडकवून निघू शकतो, आणि बघणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही. म्हणून इथे किंगपिन लॉक हवंच. ते किंगपिनवर खालून टोपीसारखं बसतं आणि हॉर्सच्या टर्नटेबलला, म्हणजे किंगपिन धरणाऱ्या थाळीला, पकड मिळू देत नाही. घेताना आपल्या किंगपिनचं माप बघा, दोन इंची आणि साडेतीन इंची असे दोन प्रकार चालतात. हलक्या बिडाचं लॉक हातोड्याने फुटतं. कडक पोलादाचं घ्या, चावीचं तोंड खालच्या बाजूला ज्यात हातोडी-छिन्नी घालता येत नाही असं. ग्राइंडरने तेही कापलं जाईल, पण वेळ लागेल आणि आवाज होईल. पावसाळ्यात, धो धो पडत असताना, आवाजाचा हा भरवसा धरू नका. त्या दिवसांत वॉचमनच्या फेऱ्या वाढवा.

ज्या ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक आहेत, त्यांच्या हवेच्या कपलिंगलाही लॉक मिळतं. हवा आत आली नाही तर ब्रेक सुटत नाहीत. जाणकार माणूस ब्रेकच्या चेंबरचा बोल्ट आवळून ब्रेक सोडवू शकतो, म्हणून हे लॉक दुसऱ्या नंबरचं समजा. लँडिंग लेगचं हँडल काढून ऑफिसात ठेवा. सांगाडा ट्रेलरवर कंटेनर असेल तर त्याचे कोपरे ट्रेलरला धरणारे चारही ट्विस्ट लॉक बंद आहेत का ते हाताने बघा.

मात्र अख्ख्या ट्रेलरपेक्षा त्याचे टायर, स्टेपनी, बॅटऱ्या आणि हॉर्सच्या टाकीतलं डिझेल यांची चोरी फार जास्त होते, आणि तिच्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. सकाळी येऊन बघावं तर ट्रेलर विटांवर. टायरचे सिरीयल नंबर वहीत असायला हवेत, नाहीतर भंगारवाल्याकडे आपलाच टायर सापडला तरी तो आपला हे सिद्ध करता येत नाही. स्टेपनीला साखळी आणि कुलूप, टाकीच्या तोंडाला जाळी. ट्रेलरच्या चासीवर दोन्ही बाजूंना गाडीचा नंबर वेल्डिंगने उठवून घ्या. नंबर प्लेट दोन मिनिटांत बदलते, वेल्डिंग घासून काढायला रात्र जाते.

यार्डाच्या गेटवर एकच शिस्त पाळा : बाहेर जाणारा प्रत्येक ट्रेलर ऑफिसच्या माणसाला फोन करून विचारल्याशिवाय सुटणार नाही. "साहेबांनी पाठवलंय" असं सांगून गाडी नेणारा माणूस कपड्यांवरून, बोलण्यावरून अगदी आपल्यातला वाटतो. गेटवरच्या वॉचमन मामांकडे हॉर्सचा नंबर, ट्रेलरचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव असलेला पास आधी पोचलेला हवा. आणि त्यांना सांगून ठेवा, की पास नसताना गाडी अडवली म्हणून कोणी ओरडला तरी त्यांची नोकरी जाणार नाही.

सळई, पत्रा आणि ताडपत्री

उघड्या फ्लॅटबेडवरची चोरी शांत असते. पूर्ण गाडी जात नाही, बंडलातल्या चार-सहा सळ्या जातात. गाडी ठरावीक ढाब्यावर थांबते, सळ्या मागच्या अंगणात पडतात, आणि काट्यावर वजन भरावं म्हणून टाकीत पाणी, केबिनमध्ये दगड किंवा डिझेल फुल्ल. इथे नुसती काटापावती फसवते. बंडल मोजून द्या, प्रत्येकाला नंबरचा टॅग आणि बांधणीच्या पट्टीवर रंगाची खूण. भरताना आणि उतरवताना काटा करायचा तो ड्रायव्हर खाली उतरलेला असताना, डिझेलचा काटा लिहून. कॉइलची चिंता कमी. वीस टनांची गुंडाळी कोणी खांद्यावरून नेत नाही.

ताडपत्रीच्या गाडीत चोर वरून उतरतो. रस्सा न सोडता ताडपत्री फाडतो, खोकी खाली टाकतो. म्हणून ताडपत्रीच्या कड्यांतून एकच अखंड केबल फिरवून तिच्या दोन टोकांना सील लावा, आणि महागड्या मालासाठी सरळ बंद बॉडीची गाडी मागा. भाड्यातला फरक तिथे खरा वसूल होतो.

जीपीएस : कुठे, किती आणि रात्री तीनला कोण उठणार?

हॉर्समध्ये जीपीएस आहे म्हणजे ट्रेलरमध्ये आहे असं नव्हे. हॉर्स सोडवला की नकाशावर गाडी यार्डातच दिसते आणि माल भलतीकडे चाललेला असतो. ट्रेलरच्या सांगाड्यात स्वतःच्या बॅटरीवर चालणारं वेगळं यंत्र बसवा. किमती मालासोबत, पार्टीच्या संमतीने, एक छोटं यंत्र खोक्यांमध्येच ठेवा. हॉर्समधलं यंत्र डॅशबोर्डखाली सगळ्यांना माहीत असलेल्या जागी असतं. ते चोराला सापडू द्या. दुसरं कुठे आहे ते बसवणारा आणि मालक, एवढ्यांनाच माहीत असावं.

सूचना मोजक्याच ठेवा. ठरलेल्या थांब्याच्या कुंपणाबाहेर गाडी हलली, दार उघडलं, वीज तुटली, सिग्नल गेला, बस. शेवटची गोष्ट लोक सोडून देतात. "नेटवर्क नसेल" म्हणतात. कसारा घाटात ते खरं असेलही, पण भिवंडी बायपासला उभ्या गाडीचा सिग्नल अचानक जात असेल तर सिग्नल दाबणारा जॅमर असू शकतो. सिग्नल गेला की ड्रायव्हरला फोन, त्याने उचलला नाही तर जवळच्या माणसाला जागेवर पाठवणं, ही साखळी लिहून ठेवा. झोपलेल्या मालकाच्या मोबाइलवर आलेली सूचना सकाळी सातला वाचली जाते. दहा-पंधरा गाड्यांचे चार मालक एकत्र येऊन रात्रीचा एक माणूस ठेवू शकतात. आमच्या पट्ट्यात हे जमतं, फक्त एकमेकांना गाड्या दाखवायची तयारी हवी.

फास्टॅगचे मेसेज ज्या मोबाइलवर येतात तो नंबर ड्रायव्हरचा नको, ऑफिसचा हवा. भलत्या नाक्यावर पैसे कापले गेले की तिथेच कळतं.

बातमी फुटते कुठून

गाडी भरली की सुपरवायझर फोटो टाकतो : कंटेनर नंबर, सील नंबर, ई-वे बिल, ड्रायव्हरचा मोबाइल. टाकतो कुठे, तर ज्यात तीन ट्रान्सपोर्टर, दोन दलाल, गोदामाचे कारकून आणि नोकरी सोडून गेलेले चार जण आहेत अशा व्हॉट्सअॅप ग्रुपवर. चोराला गोदामात माणूस पेरायची गरजच उरत नाही. ग्रुप साफ करा. मालाचं नाव आणि किंमत फक्त ज्याला लागते त्यालाच. बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती) आणि ई-वे बिल केबिनच्या काचेपुढे ठेवू नका, ई-वे बिलाचा नंबर दाखवला तरी तपासणीत चालतं.

बाजारातून गाडी घेताना ज्या नंबरची गाडी दारात आली तो नंबर एम-परिवहनवर टाकून बघा. मालकाचं नाव, फिटनेस, विमा तिथे ताडा आणि कागदावरचा चासी नंबर प्रत्यक्ष चासीवरून जुळवा. लायसन्स खरं आहे का तेही तपासा. दलालाने दिलेल्या मोबाइलवर न थांबता मालकाला स्वतः शोधून फोन करा. खोट्या नंबरच्या गाडीत माल भरून दिला, तर पुढच्या सगळ्या कुलपांना काही अर्थ नाही.

ड्रायव्हरला तीन गोष्टी पटवून द्या. अनोळखी माणसाने दिलेला चहा, प्रसाद, बिस्कीट घ्यायचं नाही. कुठे चाललाय, काय भरलंय या प्रश्नाला "रिकामी आहे, गाडी आणायला चाललोय" असं ठरलेलं उत्तर द्यायचं. आणि कोणी हत्यार दाखवलं तर मालासाठी झुंजायचं नाही, सुटल्यावर ११२ ला फोन करायचा. ही तिसरी गोष्ट त्याला तोंडी नको, मालकाच्या सहीने लिहून द्या. नाहीतर आपल्यावरच संशय येईल या भीतीने तो चार तास फोन करत नाही, आणि तेच चार तास मोलाचे असतात.

चोरी झालीच तर

११२ ला फोन करा, हायवेवर असाल तर १०३३ लाही. हॉर्स, ट्रेलर आणि कंटेनर यांचे नंबर वेगवेगळे सांगा. कंटेनरचा नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, एकही चुकवू नका. फास्टॅग ब्लॉक करायची घाई अजिबात नको, उलट त्यात पैसे असू द्या. चोराची गाडी ज्या नाक्यावरून जाईल तो नाका तोच सांगणार आहे.

गुन्हा कोणत्या हद्दीत झाला यावर वाद घालण्यात रात्र घालवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द नसली तरी पोलीस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायला जावं लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मालवाहू वाहनाची किंवा त्यातल्या मालाची चोरी कलम ३०५ मध्ये येते, आणि वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर कलम ३१६. दोन्हींना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फिर्यादीत जीपीएसचा लॉग, फास्टॅगची नोंद, दाराचे फोटो, सील नंबर, टायरचे नंबर जोडा. आसपासचे पंप, ढाबे, कंपन्यांचे कॅमेरे त्याच दिवशी गाठा, फूटेज पुसलं जातं.

गाडी परत मिळाली, किंवा पार्टीच्या दारात सील वेगळं दिसलं, तर दार उघडू नका आणि नवं सीलही लावू नका. पोलीस आणि विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही. पोचपावतीवर सही करण्याआधी जे दिसतंय ते शेरा म्हणून लिहायचं. "माल बरोबर मिळाला" या तीन शब्दांखाली केलेली सही पुढे कोणालाही पुसता येत नाही.

विम्याचे कागद मात्र चोरीच्या आधीच वाचून ठेवा. मालाचा विमा इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए खाली असेल तर चोरी त्यात येते. बी आणि सी खाली मूळ पॉलिसीत ती येत नाही. ड्रायव्हरनेच माल लाटला तर काय, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. हॉर्सच्या पॉलिसीत ट्रेलर आपोआप येतो असं समजू नका, त्याचा हप्ता वेगळा असतो. चावी गाडीत ठेवून ड्रायव्हर जेवायला गेला, तर "वाजवी काळजी घेतली नाही" म्हणून दावा अडतो. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. फिर्याद तातडीने दिलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं या कारणावरून खरा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वाहनचोरीच्या प्रकरणात म्हटलंय. पण तिथपर्यंत जायची वेळ का आणावी?

माल ज्याचा आहे त्याच्यासाठी एक जागा, जिथे हमखास पैसे बुडतात : चोरीला गेलेल्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) खाली मिळत नाही, घेतलं असेल तर परत करावं लागतं. म्हणून विम्याची रक्कम जीएसटी धरून काढा. नाहीतर पूर्ण दावा मंजूर होऊनही जीएसटीची रक्कम खिशातून जाते.

आणि ट्रान्सपोर्टवाल्याकडून वसुली करायची असेल तर रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा बघा. बिल्टी करताना मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा आकार दिलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच राहते. आणि दाव्याआधी लेखी नोटीस लागते, माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. दिवस चोरीपासून मोजायचे नाहीत, बिल्टीवरच्या तारखेपासून मोजायचे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच आली की ती क्लेमच्या फाइलला लावून टाका.